पक्ष्यांच्या फुप्फुसातील रक्तप्रवाह आणि ऑक्सिजनची देवाणघेवाण: एक शंका आणि तिच्यावरील चर्चा

प्रश्न: जीवशास्त्राची शिक्षिका, फोंडा

सर्वांना नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवते. पक्ष्यांची श्वसनसंस्था शिकवताना आपण हवेचा मार्ग तपशिलाने सांगतो. आत घेतलेली हवा आधी फुप्फुसाला जोडलेल्या हवेच्या मागच्या पिशव्यांत जाते, तेथून फुप्फुसात, मग पुढच्या पिशव्यांत आणि अखेरीस बाहेर. हा प्रवास पुरा व्हायला दोन श्वास आणि दोन उच्छ्वास लागतात. आणि फुप्फुसाच्या मुख्य भागातून हवा आत घेताना व बाहेर सोडताना एकाच दिशेने वाहत राहते. एवढे मुलांना चांगले समजते. रक्ताचा प्रश्न आला की मात्र आपले विवेचन तोकडे पडते, असा माझा अनुभव आहे.

यंदा अकरावीच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने मला विचारले की, हवा एकाच दिशेने वाहते म्हणून पक्ष्यांना अधिक ऑक्सिजन मिळत असेल, तर रक्त कोणत्या दिशेने वाहते यालाही काही महत्त्व असणारच, ते काय आहे? आणि उडताना हृदय जोरात धडधडू लागले, रक्त वेगाने धावू लागले, तर त्या रक्ताला ऑक्सिजन अधिक मिळतो की कमी? मुलांनी इंटरनेटवरून उतरवून आणलेल्या टिपणांत काही ठिकाणी माशांच्या कल्ल्यांप्रमाणे पक्ष्यांमध्येही रक्त आणि हवा परस्परविरुद्ध दिशांनी वाहतात असे लिहिले आहे, तर काही ठिकाणी रक्त हवेला आडवे छेदून जाते असे म्हटले आहे. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. मुलीचा प्रश्न अगदी नेमका असल्यामुळे त्याला तितकेच नेमके उत्तर देण्याची माझी इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: शरीरक्रियाशास्त्राचे निवृत्त अध्यापक, पणजी

नमस्कार बाई. त्या विद्यार्थिनीचे मनापासून कौतुक करावेसे वाटते, कारण हवेच्या एकदिश प्रवाहावरच सारे लक्ष खिळल्यामुळे या विषयाची रक्ताकडची अर्धी बाजू नेहमी दुर्लक्षित राहते.

दिशेचा प्रश्न आधी घेऊ. पक्ष्याच्या फुप्फुसात सस्तन प्राण्यांसारखे फुगणारे वायुकोश नसतात. त्याऐवजी दोन्ही टोके उघडी असलेल्या असंख्य बारीक, समांतर नळ्या असतात. त्यांना पॅराब्रॉन्काय म्हणतात (एका नळीला पॅराब्रॉन्कस). प्रत्येक नळीच्या भिंतीतून चहूबाजूंनी अतिसूक्ष्म वायुकेशिका फुटतात आणि त्यांच्या जाळ्यात रक्तकेशिका गुंतलेल्या असतात. ऑक्सिजन खऱ्या अर्थाने रक्तात शिरतो तो येथे. नळीतून हवा लांबीच्या दिशेने वाहते, पण रक्त त्या नळीला समांतर वाहत देवाणघेवाण करीत नाही. फुप्फुस धमनीच्या शाखा नळीच्या संपूर्ण लांबीभर ठिकठिकाणी रक्त आणून सोडतात, ते रक्त नळीच्या भिंतीतून आडवे जाते आणि तेथल्या तेथे शिरेत गोळा होते. म्हणजे आडव्या प्रवाहाचे वर्णन बरोबर आहे. यालाच क्रॉसकरंट पद्धत म्हणतात.

याचा प्रायोगिक पुरावाही फार सुंदर आहे. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे पीटर शाइड आणि योहान्स पीपर यांनी १९७२ मध्ये बदकांवर केलेल्या प्रयोगात फुप्फुसातून जाणाऱ्या हवेची दिशा कृत्रिमरीत्या उलटी केली. रक्त आणि हवा माशांच्या कल्ल्यांप्रमाणे परस्परविरुद्ध वाहत असती, तर हवा उलटी केल्याबरोबर दोन्ही प्रवाह एकाच दिशेचे झाले असते आणि देवाणघेवाण लक्षणीयरीत्या खालावली असती. प्रत्यक्षात तिच्यात फरक पडला नाही. रक्त हवेला आडवे जात असेल तरच असे घडू शकते, कारण मग हवा या टोकाने शिरो वा त्या टोकाने, रक्ताच्या दृष्टीने मांडणी तीच राहते. यातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती वर्गात अवश्य सांगावी: देवाणघेवाणीचा लाभ हवेच्या विशिष्ट दिशेमुळे होत नाही. ताजी हवा शिळ्या हवेत न मिसळता नळीतून वाहत राहते आणि रक्त तिच्या वाटेवर ठिकठिकाणी तिला भेटते, या मांडणीमुळे तो होतो.

आता आकड्यांनी पाहू. गोव्यासारख्या समुद्रसपाटीच्या प्रदेशात कोरड्या हवेतील ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे हवेच्या एकूण दाबातील त्याचा वाटा, सुमारे १५९ मिलिमीटर पारा असतो. पक्ष्याच्या शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सियसच्या आसपास असते; त्या तापमानाला हवा बाष्पाने संपृक्त झाली की हा दाब साधारण १४७ वर येतो. आपल्या फुप्फुसात ही ताजी हवा आधीच्या श्वासातून उरलेल्या मोठ्या साठ्यात मिसळते, त्यामुळे वायुकोशांतील दाब १०० च्या जवळपास राहतो आणि आपल्या धमनीतील रक्त त्यापलीकडे कधीच जाऊ शकत नाही. पक्ष्यामध्ये काय होते? समजा, नळीच्या सुरुवातीला हवेतील ऑक्सिजनचा दाब १४० आहे आणि वाटेत रक्ताला ऑक्सिजन देत देत शेवटी तो ८० वर उतरतो. (हे आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत.) सुरुवातीच्या केशिकांतून निघणारे रक्त १४० च्या जवळ पोहोचेल, मधल्या केशिकांतील ११० च्या, आणि शेवटच्या केशिकांतील ८० च्या. हे सगळे रक्त एकत्र होऊन हृदयाकडे जाते, तेव्हा त्या मिश्रणातील दाब बाहेर पडणाऱ्या हवेतील ८० पेक्षा अधिक असतो. उच्छ्वासाच्या हवेपेक्षा धमनीच्या रक्तात ऑक्सिजनचा दाब जास्त असणे सस्तन प्राण्याला शक्य नाही, पक्ष्याला आहे. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत हेच उलट बाजूने दिसते आणि बाहेर पडणाऱ्या हवेत त्याचा दाब धमनीतील रक्तापेक्षा जास्त आढळू शकतो.

येथे एक काळजी घ्यावी लागते. मिश्रणाचा दाब काढताना निरनिराळ्या केशिकांतील दाबांची थेट सरासरी घेऊन चालत नाही. मिसळते ते ऑक्सिजनचे प्रमाण, आणि कोणत्या दाबाला हिमोग्लोबिन किती ऑक्सिजन धरते याचा आलेख सरळ रेषेत जात नाही. सुरुवातीच्या केशिकांतील रक्त आधीच जवळजवळ संपृक्त असल्यामुळे त्याच्याकडे वाटायला जादा ऑक्सिजन फारसा नसतो, म्हणून मिश्रणाचा दाब साध्या सरासरीच्या खाली राहतो. बारावीनंतर हा विषय पुढे शिकणाऱ्या मुलांना हा बारकावा फार उपयोगी पडतो.

दुसरा प्रश्न रक्ताच्या वेगाचा. तुमच्या तालुक्यातील मुलांना कुळागरातला, म्हणजे पोफळीच्या बागेतला, पाट माहीत असेल. झऱ्याचे पाणी पाटातून खाली येते आणि वाटेतल्या पोफळींना मिळत जाते. पाण्याचा प्रवाह तोच ठेवून वरच्या अंगाची ओढ वाढवली, तर खालच्या टोकाच्या झाडांना कमी पाणी पोहोचते. पॅराब्रॉन्कसमध्ये हवा हा पाट आणि रक्त ही ओढ. हवेचा प्रवाह तेवढाच ठेवून रक्तप्रवाह दुप्पट केला, तर हवेतील ऑक्सिजन लवकर संपत जातो. वरच्या उदाहरणात शेवटचा दाब ८० ऐवजी ५५ वर येईल असे धरू. आधी हवेचा दाब ६० ने उतरत होता, आता ८५ ने उतरला. म्हणजे शरीराला मिळणारा एकूण ऑक्सिजन वाढला खरा, पण रक्त दुप्पट होऊनही तो सुमारे १.४ पटच झाला, आणि शेवटच्या केशिकांतील रक्त अपुरे भरून निघाल्यामुळे धमनीतील रक्ताची प्रतही उतरली. उलट रक्तप्रवाह निम्मा केला तर हवेचा दाब ११० च्या आसपास थांबेल. प्रत्येक केशिकेला उत्तम हवा मिळेल, धमनीतील दाब वाढेल, पण एकूण ऑक्सिजन निम्म्याच्या जवळ येईल आणि चांगली हवा न वापरता बाहेर जाईल.

म्हणून विद्यार्थिनीला सांगावे की, रक्त वेगाने वाहिल्यावर प्रत्येक थेंबाला मिळणारा ऑक्सिजन कमी होऊ शकतो, पण शरीराला मिळणारा एकूण ऑक्सिजन वाढतो. आणि ही वाढ पुरेपूर पदरात पडण्यासाठी हवेचा प्रवाहही त्याच प्रमाणात वाढावा लागतो. आडोल्फ फिक यांनी १८७० मध्ये मांडलेले तत्त्व येथे थेट लागू पडते: शरीराचा ऑक्सिजनचा वापर म्हणजे हृदयाने दर मिनिटाला फेकलेले रक्त गुणिले धमनी आणि शीर यांच्या रक्तातील ऑक्सिजनच्या प्रमाणातील फरक. वायुबोगद्यात उडणाऱ्या कबुतरांवर १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ऑक्सिजनचा वापर विश्रांतीच्या सुमारे दहापट झाला होता. त्यासाठी हृदयाचे ठोके सुमारे सहापट झाले होते आणि धमनी व शीर यांच्यातील फरक दुपटीच्या थोडा अलीकडे गेला होता. प्रत्येक ठोक्यातले रक्त तेवढेच धरून दोहोंचा गुणाकार केला की दहापटीचा हिशेब जुळतो. श्वासाची गती तर त्याहूनही जास्त वाढली होती. मुलांकडून फळ्यावर हा गुणाकार करून घ्यावा, असे मी सुचवेन.

पुढील शंका: जीवशास्त्राची शिक्षिका, फोंडा

सर, आपले मनःपूर्वक आभार. पाटाचे उदाहरण आमच्या मुलांना लगेच उमजेल, कारण त्यांतील कित्येकांच्या घरची कुळागरे आहेत. एक शंका उरते. पॅराब्रॉन्कसच्या आडव्या छेदाच्या आकृतीत रक्त नळीच्या बाहेरच्या कडेकडून मध्याकडे जाताना दाखवलेले असते, तर वायुकेशिका मध्यातून बाहेरच्या कडेकडे जातात. हे तर परस्परविरुद्धच झाले. टिपणांतला गोंधळ येथूनच आला असेल काय?

उत्तर: शरीरक्रियाशास्त्राचे निवृत्त अध्यापक, पणजी

बाई, आपले निरीक्षण अचूक आहे. रक्त कडेकडून मध्याकडे आणि वायुकेशिका मध्याकडून कडेकडे, ही मांडणी खरीच आहे, आणि त्या सूक्ष्म पातळीवर तिला विरुद्ध प्रवाहाची जोड म्हणता येते. परंतु वायुकेशिकांतून हवा वाहत नाही. तेथे ऑक्सिजन मुख्यतः विसरणाने सरकतो आणि अंतरही अत्यल्प असते. त्यामुळे या जोडीचा वाटा लहान राहतो आणि संपूर्ण फुप्फुसाचा हिशेब आडव्या प्रवाहानेच मांडावा लागतो. बदकांवरील उलट्या हवेचा प्रयोगही हेच सांगतो.

उत्तर: पशुवैद्यक, डिचोली

नमस्कार. सरांनी हवा आणि रक्त यांच्या प्रमाणाची बाजू उत्तम मांडली आहे. माझ्या कामाशी संबंधित अशी एक बाजू मी जोडू इच्छितो, कारण पक्ष्याच्या फुप्फुसातून जाणाऱ्या रक्ताला वाढण्याची मर्यादा आहे आणि ती मर्यादा कुक्कुटपालकांना दरवर्षी आर्थिक झळ पोहोचवते.

आपल्या फुप्फुसातील रक्तकेशिका वायुकोशांच्या पातळ भिंतीत असतात. विश्रांतीच्या वेळी त्यांतील काही बंद किंवा अर्धवट भरलेल्या असतात. आपण धावू लागलो, हृदयाने अधिक रक्त फेकले, की बंद केशिका उघडतात आणि उघड्या केशिका रुंदावतात. त्यामुळे रक्तप्रवाह कितीतरी वाढला तरी फुप्फुस धमनीतील दाब थोडाच वाढतो. पक्ष्यामध्ये ही सोय जवळजवळ नाही. त्याच्या रक्तकेशिकांना चारही बाजूंनी वायुकेशिकांच्या भिंतींचा आधार असतो आणि त्या आधारामुळे त्या ताठ नळ्यांसारख्या वागतात. कॅलिफोर्नियातील जॉन वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात कोंबड्यांच्या फुप्फुसांवर काम करून दाखवून दिले की आतला दाब वाढवला तरी या केशिकांची रुंदी फार थोडी बदलते, तर कुत्रा आणि मांजर यांच्या केशिका त्याच दाबाला दुपटीहून अधिक रुंदावतात. बदकांमध्ये एका फुप्फुसाची धमनी बंद करून सगळे रक्त दुसऱ्या फुप्फुसातून पाठवल्यावर धमनीतील दाब ठळकपणे वाढल्याचेही नोंदले गेले आहे.

हा ताठपणा मुळात वरदान आहे, हे मी आग्रहाने सांगतो. केशिकांना बाहेरून आधार मिळाल्यामुळे रक्त आणि हवा यांच्यामधला पडदा कमालीचा पातळ ठेवणे पक्ष्यांना परवडते, कारण दाबाने तो फाटण्याची भीती कमी असते. माणसात हा पडदा सरासरी अर्ध्या मायक्रोमीटरहून थोडा अधिक जाड असतो, तर अमेरिकेतील गुंजनपक्ष्यांत (हमिंगबर्ड) तो ०.१ मायक्रोमीटर इतका पातळ मोजला गेला आहे. (आपल्या परसात दिसणारा शिंजीर हा त्यांचा नातलग नव्हे, दोघेही मधुरस पितात एवढेच साम्य.) पडदा पातळ असल्यामुळे ऑक्सिजन झटकन रक्तात उतरतो, म्हणून रक्त थोडाच वेळ केशिकेत राहिले तरी भागते. उत्तम उडणाऱ्या पक्ष्यांच्या फुप्फुसात केशिकांतील रक्ताचे एकूण आकारमानही मोठे असते, त्यामुळे हृदयाने कितीतरी पट अधिक रक्त फेकले तरी ते सामावून जाते.

ब्रॉयलर कोंबडीत मात्र हाच समतोल बिघडतो. पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जाण्यासाठी निवडलेल्या या पक्ष्याच्या शरीराला ऑक्सिजनची प्रचंड गरज असते, पण शरीराच्या मानाने फुप्फुस लहान असते. गरज भागवण्यासाठी हृदय अधिक रक्त फेकते. केशिका रुंदावत नाहीत, म्हणून फुप्फुस धमनीतील दाब वाढतो. रक्त त्याच अरुंद वाटेतून अधिक वेगाने जाऊ लागते आणि ऑक्सिजनने पुरते भरण्याइतका वेळ लाल पेशींना केशिकेत मिळत नाही. अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठात रॉबर्ट वाइडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ब्रॉयलरच्या एका फुप्फुसाची धमनी चिमट्याने बंद केली, तेव्हा धमनीतील दाब तर वाढलाच, शिवाय शरीराला जाणाऱ्या रक्तातील ऑक्सिजनही खाली आला. बाईंच्या विद्यार्थिनीचा 'रक्त वेगाने धावले तर ऑक्सिजन अधिक की कमी' हा प्रश्न या प्रयोगात जणू प्रत्यक्ष विचारला गेला आहे.

पुढची साखळी आम्ही शवविच्छेदनात पाहतो. वाढलेल्या दाबाविरुद्ध पंप करून करून हृदयाचा उजवा निलय जाड होतो आणि नंतर फुगतो. पक्ष्यामध्ये उजव्या अलिंद-निलयातील झडप ही स्नायूचीच एक पाळ असते. निलयाबरोबर तीही जाड होते आणि नीट मिटत नाही. रक्त मागे साचते, यकृतावर ताण येतो आणि त्यातून पाझरलेले पिवळसर द्रव पोटात जमते. कुक्कुटपालक याला 'पोटात पाणी झाले' म्हणतात, शास्त्रीय भाषेत हा जलोदर. रक्तात ऑक्सिजन कमी पडल्यामुळे शरीर लाल पेशी वाढवते, रक्त घट्ट होते आणि ताठ केशिकांतून ते ढकलण्यासाठी आणखी दाब लागतो, अशी ही स्वतःलाच वाढवत नेणारी व्याधी आहे. आधी ती उंच प्रदेशातल्या कोंबड्यांत ठळकपणे दिसली. वेगाने वाढणाऱ्या जाती आल्यावर समुद्रसपाटीलाही दिसू लागली.

गोव्यातील पालकांना माझे सांगणे असते की, पावसाळ्यात शेडचे पडदे पूर्ण बंद करून ठेवू नयेत, कारण कोंदट हवा आणि ओल्या तुसातून उठणारा अमोनिया फुप्फुसांना इजा करतो. पहिल्या आठवड्यांत पिल्लांना थंडी लागू देऊ नये, कारण अंग ऊबदार ठेवण्यासाठी ऑक्सिजनची गरज वाढते. किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी खारट होत असेल तर ते पिल्लांना देऊ नये. सोडियम जास्त झाल्याने रक्ताचे आकारमान वाढते आणि जलोदराला निमित्त मिळते. सुरुवातीच्या काळात खाद्यावर थोडे नियंत्रण ठेवून वाढीचा वेग मंद ठेवला तरीही या आजाराचे प्रमाण घटते.

उत्तर: पक्षीनिरीक्षक, चोडण

चर्चा वाचून फार आनंद झाला. हिमालय ओलांडणाऱ्या पट्टकादंब हंसांचा उल्लेख येथे व्हायला हवा, असे वाटते. हे हंस हिवाळ्यात महाराष्ट्रात भिगवणच्या परिसरात उतरतात. त्यांना उपकरणे लावून केलेल्या अभ्यासात सर्वाधिक उंची ७,२९० मीटर नोंदली गेली. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण चाळीस टक्केच उरतो. त्यांचे हिमोग्लोबिन ऑक्सिजनला इतर हंसांच्या मानाने अधिक घट्ट धरते, असे मी वाचले आहे. पशुवैद्यक डॉक्टरांनी सांगितलेल्या ताठ केशिका लक्षात घेता, इतक्या उंचीवर जोरात पंख मारताना या हंसांच्या फुप्फुस धमनीत दाब का वाढत नाही? कोंबडी जेथे आजारी पडते, तेथे हंस कसा तरतो?

उत्तर: शरीरक्रियाशास्त्राचे निवृत्त अध्यापक, पणजी

आपला प्रश्न फार मोलाचा आहे. फुप्फुसातील लहान धमन्यांना एक सवय असते: ज्या भागात ऑक्सिजन कमी, तेथे त्या आकुंचन पावतात. सपाटीवर ही सवय हितकारक ठरते, कारण जेथे चांगली हवा पोहोचत नाही तेथून रक्त वळवून ते चांगल्या हवेच्या भागाकडे पाठवले जाते आणि हवा व रक्त यांचे प्रमाण जुळते. पण उंच पर्वतावर संपूर्ण फुप्फुसातच ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे सगळ्याच धमन्या आवळल्या जातात आणि दाब चढतो. माणसाला अतिउंचीवर फुप्फुसात पाणी होण्याचा जो आजार होतो, त्याच्या मुळाशीही हाच दाब असतो. पट्टकादंब हंसांत ही आकुंचनाची प्रतिक्रिया बरीच सौम्य असल्याचे १९८४ मध्ये दाखवले गेले. म्हणजे त्यांच्या केशिका ताठ असल्या, तरी केशिकांकडे जाणारी वाट उंचीवर अरुंद होत नाही. त्यात आपण सांगितलेले हिमोग्लोबिन, मोठी फुप्फुसे आणि खोल श्वास यांची भर पडते. हिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरत असल्यामुळे विरळ हवेतही नळीच्या शेवटच्या टोकाच्या केशिकांतील रक्त बऱ्यापैकी भरून निघते. मी आधी मांडलेल्या आडव्या प्रवाहाच्या हिशेबात या टोकाचीच तर अडचण असते.

मात्र हंसांच्या विलक्षणपणामुळे साध्या पक्ष्यांची क्षमता झाकोळू नये. व्हान्स टकर यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चिमण्या आणि उंदीर यांना ६,१०० मीटर उंचीइतक्या विरळ हवेत ठेवले होते. उंदीर निपचित पडले, तर चिमण्या उडू शकत होत्या. चिमणी काही हिमालय ओलांडत नाही, तरीही तिला हे जमते. यात फुप्फुसाच्या आडव्या प्रवाहाचा वाटा आहेच, पण आणखीही एक कारण रक्तप्रवाहाशीच निगडित आहे. विरळ हवेत श्वास वेगाने चालला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि त्यामुळे सस्तन प्राण्यांत मेंदूकडे जाणारे रक्त कमी होते. पक्ष्यांत ते तसे घटत नाही. फुप्फुसात मिळवलेला ऑक्सिजन जेथे पोहोचायचा तेथे पोहोचला नाही, तर तो मिळवून काय उपयोग?

एकदिश हवेविषयी एक पुरवणी जोडतो. अमेरिकी ॲलिगेटरच्या फुप्फुसातही हवा एकाच दिशेने वाहते, असे कॉलीन फार्मर आणि केंट सँडर्स यांनी २०१० मध्ये दाखवले. ॲलिगेटर हे आपल्या कुंभारजुवे कालव्यातील मगरींचे दूरचे आप्त. थंड रक्ताच्या, बराच वेळ निश्चल पडून राहणाऱ्या या प्राण्यालाही जर एकदिश हवा लाभलेली असेल, तर पक्ष्यांच्या उड्डाणाचे श्रेय एकट्या हवेच्या दिशेला देता येत नाही. पातळ पडदा, मोठे हृदय आणि भरपूर रक्त यांच्यावाचून ती दिशा अपुरीच ठरते.

पुढील शंका: जीवशास्त्राची शिक्षिका, फोंडा

आपल्या सर्वांची मी अत्यंत ऋणी आहे. वर्गात हवा आणि रक्त यांचे दोन स्वतंत्र तक्ते लावण्याऐवजी एकाच नळीवर दोन्ही प्रवाह दाखवणारा मोठा तक्ता मुलांकडून करून घेईन आणि त्यावर सरांनी दिलेले तिन्ही हिशेब मांडेन. डॉक्टरांना एकच विचारायचे आहे. आमच्या मुलांच्या घरी गावठी कोंबड्या असतात. त्यांच्यातही पोटात पाणी होण्याचा हा आजार दिसतो का? आणि ब्रॉयलरचे हृदय मुलांना दाखवायचे झाल्यास त्यात नेमके काय पाहण्यास सांगावे?

उत्तर: पशुवैद्यक, डिचोली

बाई, गावठी कोंबडी सावकाश वाढते, त्यामुळे तिच्या शरीराची ऑक्सिजनची मागणी फुप्फुसाच्या आवाक्यात राहते आणि या कारणाने होणारा जलोदर तिच्यात क्वचितच आढळतो. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज जो तांबडा रानकोंबडा, त्याच्याशी तुलना करता पाळीव कोंबडीचे फुप्फुस शरीराच्या मानाने लहान आणि रक्त-हवेमधला पडदा अधिक जाड असल्याचे मोजमापांत दिसले आहे. (मोले आणि म्हादईच्या रानात दिसतो तो राखी रानकोंबडा, ती जात वेगळी.) म्हणजे फुप्फुसाची कुवत कमी आणि मागणी मोठी, अशी दुहेरी अडचण ब्रॉयलरमध्ये एकत्र येते.

हृदय दाखवायचे असल्यास मांसविक्रेत्याकडून निरोगी ब्रॉयलरचे हृदय आणावे, मुलांना हातमोजे द्यावेत आणि कापण्याचे काम आपण स्वतः करावे. हृदय मध्यावर आडवे कापले की डावा निलय जाड भिंतीचा व गोल दिसतो, आणि उजवा निलय त्याच्या कडेला चंद्रकोरीसारखा पातळ भिंतीने लगटलेला असतो. निरोगी पक्ष्यात दोन्ही निलयांच्या एकत्रित वजनात उजव्याचा वाटा साधारण पाव भागाच्या आत असतो. जलोदर झालेल्या पक्ष्यात तो त्याहून बराच वाढलेला, भिंत जाड झालेली आणि पोकळी ताणलेली आढळते. अलिंद आणि निलय वेगळे करून दोन्ही निलयांचे एकत्र वजन प्रयोगशाळेतील तराजूवर आधी घ्यावे, नंतर उजव्या निलयाची भिंत कडेने कापून तिचे वजन स्वतंत्र घ्यावे आणि भागाकार मुलांकडून करून घ्यावा. उजव्या बाजूची स्नायूची पाळही त्याच वेळी चिमट्याने उचलून दाखवता येईल; डाव्या बाजूला तशी पाळ नसून पातळ पापुद्र्यांची झडप असते. आजारी किंवा मृत पक्ष्याचे हृदय मात्र वर्गात आणू नये. तसा पक्षी कोणाच्या घरी आढळल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.